नितीनचं राहिलेलं जावळ

खरं सांगते, अक्षर न् अक्षर खरं! माझ्या तोंडात आता चार दात उरलेत, त्या चारींची शपथ. देवाच्या नावानं शपथ आमच्यात घेत नायत, म्हणून दातांची घेते, आणि या वयात दातांची शपथ कुणी उगाच घेत नाय. एक शब्द खोटा निघाला तर उद्या सकाळी चारही भाकरीत रुतून यावेत. आता गप बसा नि ऐका.

यंदा आमच्या शेवाट महिन्याची पुनव आणि माझ्या मैत्रिणीची, जुलेखाची, शब-ए-बरात एकाच गुरुवारी आली. नबीच्या कातळावर असं क्वचित होतं. मुरबाडच्या अलीकडं, काळू नदीच्या वरच्या अंगाला टेकाड आहे, त्यावर सपाट काळा दगड, दोन बैलगाड्या शेजारी उभ्या राहतील एवढा. दगडावर दोन लांब खुणा आहेत. आमी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले यहुदी, म्हणतो, एलियाहू हन्नबीचा रथ आकाशात जाताना इथं टेकला, ही त्याच्या चाकांची खूण. जुलेखाचे लोक म्हणतात, इल्यास पैगंबर इथं घोड्याला पाणी पाजायला थांबले, ही टापांची खूण. टाप कधी एवढी लांब असते का गो, असं मी तिला पन्नास वर्षं विचारतेय. ती म्हणते, घोडा घसरला.

माणूस एकच, हे दोघींना मान्य आहे. भांडण फक्त गाडीचं.

आमी किन्हवलीकर. माझ्या सासऱ्यांच्या आज्याचा किन्हवलीला तेलाचा घाणा होता, शनवारी बंद. घाण्याचा बैल शनवारी आपणहून गुडघे टेकून बसायचा, चाबूक दाखवला तरी उठायचा नाय. शहापूरहून लोक बघायला यायचे. त्या घराण्यातले आता शहापूरला आमी तीन जण. मी सरू, कागदावर सारा. थोरला किशोर, बाजारात पंखे-मिक्सरचं दुकान. आणि त्याची बायको ललिता. धाकटा नितीन वीस वर्षांमागं इस्रायलला गेला, अश्दोदला. आणि किशोरची लेक काजल. ही तिचीच गोष्ट, म्हणजे मी सुरू तरी तिचीच म्हणून केली.

लग्नाला सात वर्षं झाली तरी काजलची कूस उजवेना. ठाण्याचे डॉक्टर झाले, मुंबईचे झाले. मग एका पुनवेला ती एकटीच कातळावर गेली, दोन्ही तळवे त्या खुणेवर ठेवले नि बोलली, पोर दे, त्याचं जावळ इथंच काढीन, मलिदा करीन, तोवर केसाला कात्री लावणार नाय. वर्षाच्या आत तामार झाली. तामार या फेब्रुवारीत अडीच वर्षांची, आणि केस कमरेखाली. रात्री झोपेत ती त्यात गुंडाळली जायची, सकाळी आमाला शोधून काढावी लागायची.

काजलचा नवरा आधीच अश्दोदला कामाला लागलेला. मायलेकींचं विमान रविवारचं. शुक्रवारी दिवस मावळला की शब्बाथ, म्हणून ठाण्याहून कुणी निघत नाय, आणि शनवारी कात्रीला हात लावायचा नाय. म्हणजे गुरुवार चुकला तर नवस चुकला. पोर तशीच परदेशी जाणार आणि परत कधी येईल ते कोण जाणे.

आणि मलिद्याला लागतात दहा पुरुष. दहा नसले तर प्रार्थना पुरी होत नाय. एके काळी किन्हवलीच्या एका ओटीवर दहा मिळायचे. आता ठाण्याहून प्रार्थना सांगणारा हज्जान धरून आठ येणार होते. किशोर नववा. काजलला न्यायला आलेला नितीन दहावा. बरोब्बर बसलं होतं.

बुधवारी संध्याकाळी ललिता स्वयंपाकघरात मलिद्याचे पोहे निवडत होती. मी खोबरं खवत होते. नितीन चहाचा कप घेऊन दारात उभा राहिला.

"वहिनी, एवढे पोहे?"

"चाळीस माणसं हायत. जुलेखामावशीकडचे पण धरलेत. ते येणार, मग काय बघत बसतील?"

"मी येणार नाय वर," नितीन म्हणाला.

ललिताचा हात सुपात थांबला.

"चादर घातलेल्या दगडासमोर मी उभा राहणार नाय. तिकडं कुणी ऐकलं तर काय म्हणतील? मलिदा इथं घरी करा. नायतर ठाण्याला सिनेगॉगमध्ये करा, मी पहिला उभा राहतो."

काजल तामारच्या वेणीत अडकलेला कंगवा सोडवत होती. ती मान वर न करता म्हणाली, "काका, मी घरासमोर नव्हते बोलले. कातळासमोर बोललेय."

"नबी सगळीकडं असतो."

"असतो ना. पण मी तिथं गेले होते."

किशोर दुकान बंद करून आला तोच या भांडणात सापडला. त्याचा स्वभाव असा की दोन मांजरं भांडली तरी तो दोघांना दूध घालतो. "नित्या म्हणतो त्यात पण पॉइंट आहे," तो म्हणाला.

ललितानं सूप खाली ठेवलं. "तुमचा पॉइंट मला चांगला ठाव आहे. भाऊ सहा वर्षांनी घरी आलाय, त्याला नाय म्हणवत नाय तुमच्यानं."

"तसं नाय गो..."

"पोरगी तुमची आहे ना? मग तिच्याकडं बघून बोला."

पूर्वी हीच ललिता नितीनची वकील होती. तो आला की "भावोजी, भावोजी" करत मागं फिरायची, नि मी काय बोलले की त्याची बाजू घ्यायची. त्या संध्याकाळी तिनं त्याला साधं "चहा अजून देऊ का" विचारलं नाय. जेवायच्या वेळेपर्यंत घराचे दोन तुकडे झाले. किशोर-नितीन एका पाटावर, ललिता-काजल दुसऱ्यावर. मी कुणाच्या बाजूला? मी पोह्यांच्या बाजूला. ते भिजवून ठेवले की नवस होणारच, एवढं मला कळत होतं.

सकाळी साडेसातपर्यंत किशोर आमच्या बाजूला आला होता. कसा, ते ललितालाच ठाव. मला एवढंच दिसलं की चहाचा टोप उपडा होता आणि किशोर पाणी पीत होता.

नितीनही गाडीत बसला. "सोडायला येतो," म्हणाला. "खाली थांबेन. वर येणार नाय."

किन्हवलीच्या पुढं वालाची शेतं लागली, वाळलेल्या शेंगा खुळखुळत होत्या. पळस पेटला होता. टेकाडाखाली मोहाचं मोठं झाड आहे, नितीन उतरला तो सरळ त्याच्या मुळावर जाऊन बसला. मोबाइल काढला. तिथं रेंज नाय, कधीच नव्हती. तरी बघत बसला.

वर यासीननं कातळ धुऊन काढला होता. यासीन म्हणजे जुलेखाचा लेक, मुरबाडला टेम्पो चालवतो, आणि बापामागं कातळाची झाडलोट, दिवाबत्ती त्याच्याकडं. नितीन नि तो एकाच पाटीवर मुळाक्षरं शिकले. आमचा मलिदा असला की तिथं एक रीत आहे, माझ्या सासूच्या सासूपासूनची. जुलेखाकडचे हिरवी चादर अर्ध्यावर दुमडतात. अर्धा दगड उघडा, आमचा. अर्धा झाकलेला, त्यांचा. आमचं आटपलं की चादर परत पुरी. कधी कुणाला अडचण आली नाय.

ठाण्याची गाडी आली. हज्जान उतरला, मागून सात जण. आमच्यात जित्या माणसांना बोट लावून मोजत नायत, नजर लागते. म्हणून हज्जान टोप्या मोजतो. त्यानं मोजल्या. परत मोजल्या.

"नऊ टोप्या," तो म्हणाला.

"दहावी खाली मोहाखाली बसलीय," किशोर म्हणाला आणि पायाकडं बघायला लागला.

काय झालं ते हज्जानला सांगावं लागलं. त्यानं घड्याळ बघितलं. "दोनला निघायलाच पाहिजे मला. दोघांची रात्रपाळी आहे."

यासीन पुढं आला. "चादरीवरनं अडलंय ना? मग मी पुरी काढतो. पोरीचं अडायला नको."

"काढशील!" जुलेखा मागून ओरडली. ती माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आणि आवाजानं दुप्पट. "काढशील, नि संध्याकाळी आपली माणसं आली की त्यांना काय सांगशील? नितीनसाहेबांना हिरवा रंग चालत नाय? रीत अर्ध्याची आहे. अर्ध्याचीच राहील."

"बरोबर बोलतेय ती," मी म्हटलं.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. पन्नास वर्षांत मी जुलेखाला पहिल्यांदा बरोबर म्हटलं होतं. खुद्द जुलेखा दचकली. खालून काळूचं पाणी क्षणभर थांबलं, मी कानांनी ऐकलं.

"मग मी टोपी घालून उभा राहतो," यासीन म्हणाला. "टोपी तर माझ्याकडं घरची आहे."

"उभा राहा, तुझा मान आहे," हज्जान म्हणाला, "पण दहात नाय धरता येत रे बाबा."

"टोप्याच मोजता ना?" जुलेखा म्हणाली. "मग घाला एक नारळावर. नितीनपेक्षा नारळाला केस जास्त आहेत."

हज्जानला हसू आवरेना, त्यानं तोंड फिरवलं. ठाण्याचे सातही फिरले. पण काजल हसली नाय. ती तामारला मांडीवर घेऊन कातळाच्या कडेला बसली होती, पोरीच्या डोक्यावर ओढणी धरून, आणि तिचे ओठ घट्ट मिटलेले. मी जवळ गेले.

"आजी, मी खाली जाऊन काकाच्या पाया पडू?"

"तू बस. पाया पडून आपल्या घरातला पुरुष कधी हललेला नाय. तू पोरीचे केस विंचर. गुंता राहिला तर जावळ काढताना धाकलूची कात्री अडते."

"आणि काका नाय आला तर?"

मी पोरीच्या डोक्यावरची ओढणी सारखी केली. तिला नुसतं नवसाचं भय नव्हतं, ते मला कळत होतं. ती ज्याला बोलली होती त्यानं दिलेलं पोर घेऊन ती पळून चाललीय असं तिला वाटणार होतं. जन्मभर वाटणार होतं. पोरीला ताप आला की वाटणार, पोर धडपडली की वाटणार.

जुलेखानं पदर खोचला आणि ती खाली निघाली. मीही थोड्या अंतरानं निघाले आणि करवंदीच्या जाळीमागं बसले. चोरून ऐकायला नव्हे. पायात काटा गेला होता.

"काय रे नित्या," जुलेखा मोहाखाली बसत म्हणाली, "चादरीला घाबरतोस?"

"घाबरायचं काय त्यात मावशी?"

"तेच म्हणते मी. लहानपणी पावसात भिजलास की त्याच चादरीत गुंडाळायची मी तुला. नाक पण तिलाच पुसायचास."

नितीन मोहाची काडी मोडत राहिला. एक मोडली, दुसरी मोडली.

"चादरीचं नाय मावशी," शेवटी म्हणाला.

"मग?"

"आईला तिकडं न्यायचे कागद मी तीनदा केले. पहिल्यांदा म्हणाली, शेवाटची पुनव होऊ दे. दुसऱ्यांदा म्हणाली, कातळावर दिवा तुझी मावशी एकटी कशी लावेल. तिसऱ्यांदा फोनच उचलला नाय. वीस वर्षं झाली. तिला मी हवाय की हा दगड हवाय?"

आता त्याच्या मनात काय होतं तेही सांगते. त्याच्या डोळ्यांसमोर अश्दोदचं घर होतं, तिसरा मजला, खिडकीत सब्जाची कुंडी, आणि माझ्यासाठी राखलेली खोली. पलंगावर मुरबाडजवळच्या म्हशाच्या जत्रेतलं घोंगडं. ते त्यानं इथून नेलेलं, आईला परक्या देशात ओळखीचं काहीतरी असावं म्हणून. आता त्या खोलीत इस्त्रीचं टेबल आहे. घोंगडं तेवढं तसंच आहे. वर जाऊन त्या दगडासमोर उभं राहिलं की आपण हरलो, असं त्याला वाटत होतं. हे मला कसं ठाव? आई आहे मी. शिवाय त्यानं ते मागं एकदा ललिताला सांगितलं होतं, आणि ललिताला सांगितलेलं भिंतीलाही कळतं.

जुलेखानं त्याच्या हातातली काडी काढून घेतली आणि म्हणाली, "तुझी आई तिकडं आली असती ना, तर मी इथं भांडले कुणाशी असते रे?"

ते ऐकलं आणि माझा काटा निघाला. मी जाळीतून बाहेर आले.

"आई, तू ऐकत होतीस?"

"काटा काढत होते. नित्या, तुला एक सांगायचं राहिलंय. अठ्ठेचाळीस वर्षं राहिलंय."

तो माझ्याकडं बघायला लागला. जुलेखाही बघायला लागली, कारण अठ्ठेचाळीस वर्षांत तिला ठाव नसलेलं असं माझ्याकडं काहीच नव्हतं.

"तुझा पण नवस होता," मी म्हटलं. "तू सातव्या महिन्यात झालास. एवढासा, तांब्यात मावला असतास. सुईण म्हणाली, रात्र काढेल तर खरं. मी इथंच बोलले, पोर जगू दे, जावळ कातळावर काढीन. तू जगलास. आणि जावळाच्या वेळेला काळूला पूर आला. तुझ्या बाबांना धीर कुठला! त्यांनी तुला खांद्यावर घेतलं, शहापूरच्या न्हाव्यासमोर बसवलं नि घरी आणलं गोटा करून. नवस राहिला तो राहिलाच."

नितीनचा हात आपोआप डोक्यावर गेला. त्याच्या डोक्याचं तुमाला सांगायला हवं. बत्तिसाव्या वर्षी पार तळहात झाला. कानांमागं नि मानेवर तेवढी झालर.

"तुला काय वाटलं, हे असं उगाच झालं?" मी म्हटलं. "किशोरचं बघ. बाबांचं आठव. मरेपर्यंत कंगवा मोडत होते."

"आई, हे हार्मोनचं असतं."

"हार्मोन काय किशोरला नायत?"

तो जुलेखाकडं वळला. "मावशी, खरं आहे हे?"

आता झाली का पंचाईत! शब-ए-बरातच्या दिवशी जुलेखा खोटं बोलत नाय. बाकीचे दिवस बोलते, पण त्या दिवशी नाय. तिनं पदर नीट केला. नदीकडं बघितलं. मग माझ्याकडं असं बघितलं की पन्नास वर्षांचं भांडण एका नजरेत फिटलं.

"अरे, तुझ्या आईनं आयुष्यात कधी खोटं सांगितलंय का?" ती म्हणाली.

घाबरलेल्या माणसाला प्रश्न कुठला नि उत्तर कुठलं ते कळत नाय. नितीनला कळलं नाय.

"मग आधी का नाय सांगितलंस मला?"

"तू विचारलंस कधी? फोनवर तू विचारतोस, गोळ्या घेतल्यास का. मी म्हणते घेतल्या. झालं आपलं बोलणं."

त्यावर तो खाली बघायला लागला. तेवढं मी रागानं म्हटलं नव्हतं, पण लागलं त्याला. मलाही लागलं.

"आता काय करायचं?" तो हळूच म्हणाला.

"काय करायचं? आधी जुना नवस, मग नवा. तुझा तुंबलाय, त्यामागं काजलचा तुंबलाय. आता त्या पोरीचं डोकं मोठेपणी तुझ्यासारखं झालं तर तिच्याशी लग्न कोण करणार ते तूच बघ. तुमाला तिकडं स्थळ शोधायला सोपं जाईल."

नितीन उठला. पँटीची धूळ झटकली. "माझ्यामुळं पोरीचं अडायला नको," म्हणाला. अगदी यासीन म्हणाला होता तसंच.

आमी तिघं वर गेलो. जुलेखा माझा हात धरून चढत होती, दम लागल्याचं सोंग करून, आणि दर दोन पायऱ्यांनी मला चिमटा काढत होती.

वर यासीन चादरीची घडी हातात धरून उभा होता. नितीन त्याच्यासमोर थांबला. दोघं सहा वर्षांनी भेटत होते आणि सकाळपासून एकमेकांना टाळत होते.

"यासू, पोट किती वाढवलंस."

"तू डोकं वाढवलंस ते बघ आधी. पूर्वी कपाळ इथपर्यंत होतं."

दोघांनी मिठी मारली ती चादरीसकट. हज्जाननं घाईघाईनं टोप्या मोजल्या, परत कुणी रुसायच्या आत. दहा!

काय सांगू तुमाला तो मलिदा! भिजवलेले पोहे, गूळ-खोबरं, वेलची, वर बदाम आणि गुलाबाच्या पाकळ्या. भोवती केळी, खजूर, पेरू, चिकू, टेकाडावरची बोरं. सब्जाची जुडी हातोहात फिरली, प्रत्येकानं वास घेऊन देवाचे आभार मानले. हज्जान प्रार्थना म्हणायला लागला तसा दहाही जणांचा आवाज चढला. अर्ध्या चादरीपलीकडं यासीनकडची माणसं हात पुढं करून, डोळे मिटून उभी. वास एवढा दूर गेला की समोरच्या डोंगरातून बिबट्या खाली आला, पलीकडच्या काठावर बसला आणि प्रार्थना संपेपर्यंत शेपूट हलवली नाय त्यानं. ललितानंही पाहिला. विचारा तिला. ती नाय म्हणेल, तिचा चष्मा गाडीत राहिला होता.

मग धाकलू पुढं आला. वरच्या पाड्यावरचा धाकलू, कातळावरची सगळी जावळं त्याच्याच हातची. माझ्याएवढा म्हातारा, पण कात्री हातात आली की हात थरथरत नाय.

"आधी नितीनचं," मी म्हटलं. "जुनं राहिलेलं."

धाकलूनं नितीनच्या डोक्याभोवती एक फेरी मारली. "धरू कुठून?"

हसून हसून यासीन कातळावर बसला.

"मानेवरची एक बट घे," जुलेखा म्हणाली.

"पन बाय," धाकलू माझ्याकडं वळला, "मना आठवतं, याचा तर..."

मी त्याच्या तोंडात मलिद्याची मूठ कोंबली. चांगली मोठी. देवाचा प्रसाद, नाय कसा म्हणणार? तो चावत राहिला आणि त्यानं चावता चावताच नितीनची बट कापली.

तामार सकाळपासून कात्री बघितली की किंचाळत होती. नितीनची बट पडली तशी ती गप्प झाली. त्याच्या गुळगुळीत डोक्यावर हात फिरवला आणि खदखदा हसली. मग आपणच त्याच्या मांडीवर चढून बसली. धाकलूनं कात्री चालवली. केस पडले ते पडतच राहिले, नितीनची मांडी काळी झाली. खाली छोटंसं डोकं निघालं, मलईसारखं, मागं एक तीळ. तो तीळ कुणी पाहिलाच नव्हता.

काजलनं दोन्ही तळवे त्या खुणेवर ठेवले. सात वर्षं रडली नाय ती, डॉक्टरांपुढं रडली नाय, बाळंतपणात रडली नाय. आता रडली. ललिता तिच्याकडं जायला लागली तर मी हात धरला. राहू दे, म्हटलं, तिचं नि त्याचं चाललंय. नंतर काजलनं मला सांगितलं, मी काय मागितलं नाय आजी, नुसतं म्हटलं, झालं बघ, आले मी.

ठाण्याची गाडी दोनच्या जागी अडीचला निघाली. आमी थांबलो. दिवस मावळायला जुलेखाची माणसं आली, डब्यांत चण्याच्या डाळीचा हलवा, रोट्या, अगरबत्त्या. यासीननं चादर उलगडली तसा वारा आला. एक कोपरा उडाला तो नितीननं धरला. धरून ठेवला. चादर घालायला नाय, वाऱ्यानं उडू नये म्हणून, असं तो म्हणाला. बरं बाबा, म्हटलं. मग आमचा मलिदा नि त्यांचा हलवा एका पानावर आला आणि कुणाचं काय ते बोटांना कळेना. जुलेखा मला म्हणाली, "सरू, आज तरी मान. घोडाच होता."

"रथाला जुंपलेला," मी म्हटलं.

"चालेल," ती म्हणाली.

रविवारी विमान गेलं. घर रिकामं झालं. किशोर दोन दिवस उगाच दुकान उशिरा उघडत होता, आणि ललिता पोरीची वाटी घासून परत पोरीच्याच जागी ठेवत होती.

तीन आठवड्यांनी अश्दोदहून फोन आला, चित्र दिसतं तो. पडद्यावर नुसतं डोकं.

"आई, बघ. इथं बघ. कानाच्या वर. मऊ मऊ लागतंय."

मागं काजल तोंडावर हात दाबून हसत होती, कडेवर तामार, तिलाही बोटभर केस आलेले.

"दिसतंय मला," मी म्हटलं. "लव आहे."

"लव नाय, केस आहेत. एका बटेनं एवढं झालं, तर पुरं जावळ काढल्यावर किती होईल! पुढच्या शेवाटच्या पुनवेला येतो. दर वर्षी एक-एक बट देतो. काजल नि तामार पण येतायत, तिकिटं काढली मी. मावशीला सांग." आणि मग थोडं थांबून, "गोळ्या विचारत नाय आज. तू कशी आहेस?"

मी सांगितलं त्याला. तासभर सांगितलं. अजूनही दर रविवारी सांगते.

आता सगळं अक्षर न् अक्षर खरं म्हटलं ना मी? आहेच. एक सोडून. नितीनचं जावळ काय राहिलं-बिहिलं नव्हतं. तेराव्या महिन्यात, त्याच कातळावर, दहा पुरुषांसमोर, जुलेखाच्या मांडीवर बसवून धाकलूनं काढलं होतं, आणि मलिद्याचं ताट मीच धरलं होतं. टक्कल त्याला माझ्या बापाकडून आलंय. पण हे अश्दोदला कुणी कळवू नका. तिकिटं अजून रद्द करता येतात.